बंदूक कुणाची, पावती कुणाला

“मे 2000 मध्ये सिएरा लिओनात एवढे शांतिसैनिक ओलीस कसे गेले हो?” लग्नकार्यात भेटलेला माणूसही मला हे विचारतो. आता लिहूनच टाकतो.

मी तेव्हा तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, भारतीय तुकडीत होतो. 1999 च्या लोमे शांतता करारात आरयूएफ या बंडखोर संघटनेचा नेता फोदे सांकोह याला माफी मिळाली, वर खनिज संपत्तीच्या आयोगाचं अध्यक्षपदही. हिरे हातात असलेला माणूस बंदूक खाली का ठेवील? हे मी बैठकीत बोललो, तर वरिष्ठांनी मलाच निराशावादी ठरवलं.

डारूला आमच्यासमोर बसायचा तो आरयूएफचा कमांडर. बोलणं मधाळ. दर खेपेला तांदूळ, डिझेल, सिगारेटी यांची मागणी. बंदुकांचा विषय काढला की म्हणे, “पा सांकोहचा हुकूम आलेला नाही.” शेजारी त्याचा वायरलेस सेट खरखरत असायचा!

शेवटी काही माणसं आली. हत्यार जमा केलं की नाव नोंदवायचं, मग प्रौढांना तीनशे डॉलर, दोन हप्त्यांत. एका इस्त्रीच्या पँटवाल्याने टेबलावर एके-47 ठेवली. आमचा हवालदार म्हणाला, “खोलून दाखव.” गडी रायफल उलटीपालटी करत मॅगझिनचा खटका शोधत बसला. मागे बारा-तेरा वर्षांचं पोर फिदीफिदी हसत होतं. ते पुढे आलं, मॅगझिन काढलं, वरचं झाकण, स्प्रिंग, बोल्ट, सगळं ओळीने मांडलं आणि पँटवाल्याकडे तुच्छतेने पाहिलं.

बंदूक त्या पोराची होती. अठराच्या खालच्यांना रोख मिळत नसे, त्यांना मुलांच्या संस्थेकडे द्यायचं. म्हणून कमांडरने त्याची बंदूक काढून आपल्या पुतण्याला, म्हणजे त्या पँटवाल्याला, दिली होती. मी विचारलं तर हसून म्हणाला, “हा पोरगा आमचा नाहीच.” इतकं निर्लज्ज हसू मी पुन्हा पाहिलं नाही. अहवाल पाठवला. उत्तर आलं: आकडे लवकर कळवा.

मग मे 2000 मध्ये आरयूएफने पाचशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहूनच्या वेढ्यातून आपल्या गुरख्यांना काढायला जुलैत ऑपरेशन खुकरी करावं लागलं. शस्त्रं पुरती खाली आली ती जानेवारी 2002 मध्ये, सत्तर हजारांहून अधिक जणांची. तीही ब्रिटिश फौज उतरल्यावर आणि आरयूएफला गिनीकडून मार बसल्यावर. आमच्या चहापाण्याने नव्हे.

जे पुढे अशा कामावर जातील त्यांना सांगतो. हत्यार खोलून दाखवल्याशिवाय पावती फाडू नका. नंबर स्वतः वाचून लिहा. मॅगझिन रिकामं आलं तर गोळ्या कुठे आहेत ते विचारा. कमांडरच्या अंगरक्षकांकडे काय आहे ते आधी बघा: जमा झालेल्या ढिगात गंजकी शिकारीची बंदूक आणि त्यांच्या खांद्यावर तेल पाजलेली एके असेल, तर काय ते समजा. तांदूळ बंदुकीनंतर, आधी कधीच नाही. पोरांशी कमांडरच्या नजरेआड बोला, दुभाषा त्याच्या गावचा नको. संयम ठेवा, पाणी उकळून प्या, हे सगळेच सांगतात.

आणि प्रत्येक अहवालाची प्रत जवळ ठेवा. माझ्याकडे आहे, ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन वाचावी.