तारीख नदीला विचार

अगं, तू पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. झांबियातली लुआंग्वा नदी, काठावर तंबू, सकाळी पायी सफारी, अंधार पडल्यावर पुन्हा गाडीतून फेरी. वाचूनच हरखले. आकडा तेवढा तुझ्या दाजींना सांगितला नाही, आणि तूही आईला सांगू नकोस. पण एक विचारू? मार्चची तारीख कुणी काढली? उरलेल्या रजा मार्चअखेर संपवायच्या म्हणून ना?

तिथेच गडबड आहे बघ. मार्च म्हणजे तिकडचा पाऊस सरत आलेला, गवत माणसाच्या वर, कच्चे रस्ते चिखलात, नदीकाठचे पुष्कळ कॅम्प बंद. म्हणून तर ते तुला स्वस्तात देतायत. जून ते ऑक्टोबर हे त्या नदीचे कोरडे महिने. पाणी आटत जातं, जुन्या वळणांत डबकी उरतात आणि सगळं रान त्या पाण्यापाशी येतं. पाणघोडे तर एकमेकांना खेटून पडलेले असतात. हत्ती बघायला जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर धर. पक्षी आणि हिरवं रान हवं असेल तर पावसाळ्यात जा, तेही सुंदरच. पण मार्चमध्ये जाऊन सप्टेंबरचे फोटो मागू नकोस. आणि एका नदीचं गणित दुसरीला लावायचं नाही. बोट्स्वानातल्या ओकावांगोला पूर येतो तो नेमका तिथल्या कोरड्या दिवसांत, कारण पाऊस पडलेला असतो दूर अंगोलाच्या डोंगरात आणि ते पाणी रांगत यायला महिने लागतात.

मला हे कुठून कळतं म्हणशील. मी फर्दापूरला राहते बाई, वाघूर नदी माझ्या डोळ्यांसमोर वर्षातून दोनदा रूप बदलते. पुण्या-मुंबईचे पाहुणे मे महिन्यात येतात आणि विचारतात, धबधबा कुठाय? ऑगस्टमध्ये येतात आणि विचारतात, इथे जनावर दिसतं का? दोन्ही वेळा चूक महिन्याची असते, डोंगराची नाही.

इथल्या अजिंठा लेण्यांचंच घे ना. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर या दरीत आला आणि त्याला कड्यात कमान दिसली. ती १० नंबरची. आत जाऊन गड्यानं खांबावर नाव कोरलं, ती खोड आजही लोकांना आहेच. पण तारीख बघ. एप्रिल अखेर. झाडं बोडकी, वाघूर आटलेली, वाघ उरल्यासुरल्या पाण्याच्या आसपास. मला कायम वाटतं, तो ऑगस्टमध्ये आला असता तर पानांच्या पडद्याआड त्याला ना कमान दिसली असती, ना वाघ. उलट ज्यांच्यासाठी ही लेणी खोदली ते भिक्षू पावसाचे महिने एका जागी राहून काढायचे. लेण्यांतून थेट नदीत उतरायला पायऱ्या होत्या, आता बहुतेक ढासळल्यात. शिकाऱ्याला आटलेली नदी सोयीची, भिक्षूंना भरलेली. तुला यातलं काय हवंय ते आधी ठरव, विमानाचं तिकीट मग.

आता मनातलं सांगते. एवढे पैसे घालण्याआधी एकदा इकडे ये, तुझ्यासोबत सफारीला येणाऱ्या त्या दोघी मैत्रिणींना घेऊन. आमचं गौताळा अभयारण्य २६० चौरस किलोमीटरचं, तुझं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान ९ हजारांच्या वर, त्यामुळे तुलना करायला बोलवत नाहीये. बोलवतेय ते तुम्ही तिघी रानात कशा वागता ते कळायला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना बसू देतं. आधी नाव नोंदवावं लागतं, पैसे भरावे लागतात. संध्याकाळी चढायचं, सकाळी उतरायचं. मधे खाली उतरणं नाही, बॅटरी नाही, बोलणं नाही, मोबाइल नाही. डबा उघडताना ताटलीचा आवाज झाला तरी शेजारचा डोळे वटारतो. पदरात काय पडेल? रानडुक्कर, सायाळ, नशीब असेल तर अस्वल. बुलढाण्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं बरी आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला तो 'वॉकर' वाघ गळ्यात कॉलर घेऊन सुमारे ३ हजार किलोमीटर हिंडला आणि २०१९ च्या अखेरीस तिथेच येऊन थांबला, तेसुद्धा याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात आला. तो काही तुमच्यासाठी पाणवठ्यावर हजेरी लावणार नाही. पण तुझी ती बडबडी मैत्रीण अर्धा तास गप्प बसू शकते का, हे मचाणावर स्वस्तात कळेल. लुआंग्वाला पायी चालताना पुढे बंदूकधारी रक्षक असतो, तो थांब म्हणाला की थांबायचं असतं. तिथे "अगं पण का?" चालत नाही.

ऑगस्टमध्येही ये, वेगळ्या कारणासाठी. लेण्यांच्या व्ह्यू पॉइंटवरून सप्तकुंड धबधबा कोसळताना बघ. फक्त कडेच्या ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. २०२३ च्या पावसाळ्यात फोटोच्या नादात एक मुलगा तिथून खाली गेला होता, वाचला म्हणून बरं. सोमवारी लेणी बंद असतात आणि गाडी टी-पॉइंटलाच ठेवून एसटीच्या बसनं जावं लागतं, हे दरवेळी सांगूनही तू सोमवारीच येतेस.

बॅगेचं बोलू. तुझी ती चाकांची कडक सूटकेस घरी ठेव. तिकडच्या छोट्या विमानांत मऊ पिशवी लागते, वजन बहुधा १५ किलोंच्या आसपास. गडद निळे, काळे कपडे नकोत, त्से-त्से माशी त्यांवर येते आणि चावते सणकून. अत्तर तर इथेही नको, लेण्यांपाशी आग्या मोहोळं असतात आणि मधमाश्या उठल्याच्या बातम्या मी पुष्कळ ऐकल्यात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि विमान कुठे बदलतेस ते नीट बघ. इथिओपिया, केनिया अशा देशांतून आलीस की परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड विचारतात. लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी, नाहीतर विमानतळावरूनच तुला वेगळं ठेवायला नेतील. आणि मग आईला आकडाही कळेल.

तेव्हा एजंटला फोन कर, मार्च रद्द. सप्टेंबरचा भाव जास्त सांगेल, सांगू दे. रजेचं साहेबांशी आत्ताच बोल. मचाणाचं मात्र लवकर कळव, जागा मोजक्या असतात. तिघींची नावं मी नोंदवून टाकते, बडबडीचंही.