संत जाईल्स चर्चमधील भिंती

ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात आपण आपल्या विभक्त बंधुभगिनींसाठी प्रार्थना करतो. स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या एका चर्चमध्ये तर दगडाच्या खऱ्याखुऱ्या भिंतीच उभ्या होत्या.

संत जाईल्स चर्च बाराव्या शतकातले, मूळचे कॅथलिक. संत जाईल्स हे अपंगांचे व कुष्ठरोग्यांचे आश्रयदाते. त्यांच्या हाताचे अस्थिअवशेष येथे जपलेले होते. भक्ती वाढत गेली तशा व्यवसायसंघांनी व घराण्यांनी वेदी उभारल्या. त्यांची संख्या पन्नासच्या आसपास गेली. पंधराव्या शतकात मनोऱ्यावर दगडी मुकुट चढला. आठ कमानी वर एकत्र येऊन मधले शिखर तोलून धरतात. शहराची ती आजही ओळख आहे.

मग धर्मसुधारणेचे वादळ आले. १५५८ साली संतांची मूर्ती तळ्यात बुडवून जाळण्यात आली. १५५९ मध्ये जॉन नॉक्स येथे प्रवचन देऊ लागले व १५६० मध्ये पार्लमेंटने पवित्र मिस्सावर बंदी घातली. वेदी गेल्या, प्रवचनाला मुख्य स्थान आले. एवढे लांबरुंद मंदिर प्रवचन ऐकण्यास सोयीचे नव्हते, म्हणून आत भिंती घालून एकाचे तीन-चार चर्च केले गेले. काही भागांत कचेरी, शाळा, अगदी तुरुंगही होता!

‘प्रेसबिटर’ म्हणजे वडील. या पंथात वडीलजन कारभार पाहतात, बिशप नसतात. १६३३ साली राजा पहिला चार्ल्स याने येथे बिशप आणून चर्चला ‘कॅथीड्रल’ केले. १६३७ मध्ये नवे प्रार्थनापुस्तक वाचताच दंगल उसळली. जेनी गेडिस नावाच्या बाईने वाचणाऱ्यावर स्टूल भिरकावले असे परंपरा सांगते. बिशप गेले, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

विल्यम चेंबर्स या प्रकाशकाने पदरमोड करून चर्चचा जीर्णोद्धार केला आणि शेवटच्या भिंती पाडल्या. २३ मे १८८३ रोजी एकसंध मंदिर खुले झाले. चेंबर्स तीनच दिवस आधी वारले होते.

आता मनोऱ्याखालील चार जाडजूड खांबांच्या मधोमध प्रभुभोजनाचे संगमरवरी टेबल आहे व भाविक त्याच्या चहूबाजूंनी बसतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली वेदीही भिंतीपासून पुढे, लोकांकडे आली, हे ज्येष्ठांना आठवत असेल.