रुमालाखालचा सौदा नको

श्रीरामपूर

चि. बाळास,


ऊस-कांदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तू ॲडमिन झालास, आनंद वाटला. फवारणी पंपाची लिंक टाकली तर विक्रीवर कमिशन मिळतं, घेऊ का, असं विचारलंस. खुशाल घे. पण लपवून घेऊ नकोस.

घेणाऱ्याला वस्तू त्याच भावात पडते, मग सांगायचं कशाला, हा तुझा प्रश्न. आपल्याकडे पूर्वी धान्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा. त्यालाच सौदा कळत नसे. म्हणून कायद्याने उघड लिलाव आणला. आडत त्यानंतरही राहिली, पण पट्टीवर लिहून. तुझं कमिशन म्हणजे आडतच. ती कोण देतं यापेक्षा तिच्यामुळे तुझा सल्ला कुणीकडे झुकतो, हे विचारायचा हक्क सभासदांना आहे.

कायदाही तेच सांगतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सूचना काढल्या: शिफारस करणाऱ्याने आपला फायदा ठळकपणे, सोप्या शब्दांत सांगावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या खेपेला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा लिंकच्या आधी, पहिल्याच ओळीत मराठीत लिही: ‘यातून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं.’ ‘अधिक वाचा’च्या खाली ते दडवू नकोस.

पण एवढ्याने भागत नाही. मेसेज काढायचं बटण तुझ्या हातात आहे. ‘हा पंप महिन्यात गळाला’ असं कुणी तुझ्याच लिंकखाली लिहिलं, तर ते राहू दे. तुझ्या लिंकबद्दल तक्रार आली तर निकाल दुसऱ्या ॲडमिनने द्यावा. सभासदांना जो नियम, तोच तुला. दुसऱ्याची लिंक उडवून स्वतःची ठेवलीस तर तो दुकानदारीचा डाव ठरेल.

आणखी एक. करपा पडलेल्या कांद्याचा फोटो टाकून कुणी रात्री औषध विचारलं, तर तिथे कमिशनची लिंक देऊच नकोस. कीटकनाशक विकायला परवाना लागतो, आणि घाबरलेला माणूस भाव-प्रमाण काही बघत नाही. त्याला सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे पाठव.

हे नियम आजच ग्रुपच्या माहितीत लिहून टाक आणि पहिली नोंद स्वतःच्या कमिशनची कर.

तुझा मामा