प्रवासवर्णनातील स्थानिक शब्द : ‘रण’ आणि ‘आगर’

कच्छच्या रणाला आपण ‘मिठाचे वाळवंट’ म्हणतो. प्रत्यक्षात तेथे पायाखाली वाळू नसून क्षार व चिखल असतो. मराठीत ‘रण’ म्हणजे युद्धभूमी. गुजरातीतील ‘रण’ मात्र ‘इरिण’ (क्षारयुक्त ओसाड भूमी) या संस्कृत शब्दापासून आला आहे. छोट्या रणात अगरिया कुटुंबे पावसाळा सरल्यावर झोपड्या बांधतात, भूगर्भातील खारे पाणी उपसून मीठ पिकवतात आणि पुढच्या पावसापूर्वी गावी परततात. त्यांचे नाव आपल्या ‘मिठागर’ व ‘आगरी’ या शब्दांशी नाते सांगते. प्रवाशाला जो शुभ्र देखावा वाटतो, ते त्यांचे शेत असते. प्रवासवर्णन वाचताना हा फरक ध्यानात घ्यावा.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील श्रमाशी निगडित दोन स्थलनामांचे मूळ शोधा.