गोबरगॅस संयंत्र बांधण्यापूर्वी शेण मोजा



स्वयंपाकासाठी गोबरगॅस संयंत्र बांधताना अनेक जण घरातील माणसे मोजतात, फार तर गोठ्यातील जनावरे मोजतात. परंतु संयंत्राला लागते ते शेण. म्हणून रोज हाती येणारे शेण मोजूनच संयंत्राचा आकार ठरवावा.

शेणाचा हिशेब

मध्यम गाय किंवा बैल दिवसाला सुमारे १० किलो, तर म्हैस सुमारे १५ किलो शेण देते. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे १ घनमीटर संयंत्रास रोज २५ किलो, २ घनमीटरला ५० किलो व ३ घनमीटरला ७५ किलो शेण लागते. स्वयंपाकासाठी माणशी रोज पाव घनमीटर गॅस धरावा.

समजा, आपल्याकडे दोन बैल, एक गाय व एक म्हैस आहे आणि घरात सहा माणसे आहेत. गरज दीड घनमीटरची आहे. जनावरे दिवसभर गोठ्यात असतील तर ४५ किलो शेण मिळेल व २ घनमीटरचे संयंत्र चालेल. परंतु ती रानात चरावयास किंवा कामास जात असतील तर निम्मेच शेण हाती येईल. अशा वेळी १ घनमीटरचे संयंत्र बांधावे व उरलेल्या स्वयंपाकास दुसरे इंधन ठेवावे. निर्णयापूर्वी आठ दिवस रोजचे शेण घमेल्याने मोजून सरासरी काढावी.

मोठे संयंत्र का नको?

गॅस शेणाच्या प्रमाणातच तयार होतो. मोठे संयंत्र अर्धपोटी राहिले तर बांधकामाचा पैसा अडकतो. घुमटाच्या संयंत्रात दाबही कमी राहतो, शेगडी मंद जळते आणि घरातील बाई पुन्हा चुलीकडे वळते. उलट, लहान संयंत्रात जादा शेण घातल्यास ते पुरते न कुजताच बाहेर पडते. आपल्या हवामानात शेण सुमारे ४० दिवस आत राहावे लागते.

कोणता प्रकार निवडावा?

तरंगत्या टाकीच्या संयंत्रात गॅसचा दाब सारखा राहतो. मात्र लोखंडी टाकी गंजते, तिला वेळोवेळी रंग द्यावा लागतो. १९८४ मध्ये विकसित झालेल्या दीनबंधू संयंत्रात विटांचा घुमट असतो. त्याला खर्च कमी येतो व गंजण्याचा प्रश्न नाही. परंतु घुमटाचे काम प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्यावे. बारीक तडा गेला तरी गॅस निसटतो.

एवढे लक्षात ठेवा

१. जागा उन्हाची, गोठा व स्वयंपाकघर यांच्याजवळची असावी. पिण्याच्या पाण्याची विहीर १५ मीटरपेक्षा दूर असावी.
२. शेण व पाणी समप्रमाणात कालवावे. माती, काडीकचरा काढून टाकावा.
३. गोबरगॅससाठीचीच शेगडी घ्यावी. सिलिंडरच्या गॅसची शेगडी तशीच जोडल्यास ज्योत नीट लागत नाही.
४. नळीत साचलेले पाणी नियमित काढावे. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. काडी पेटवून कधीही पाहू नये.
५. थंडीत गॅस कमी मिळतो, हे हिशेबात धरावे.

बाहेर पडणारी रबडी वाया घालवू नये. ती उत्तम खत आहे; उकिरड्यावर काडीकचऱ्याच्या थरांवर टाकावी किंवा पाण्याबरोबर पिकास द्यावी. पोटभर शेण मिळणारे लहान संयंत्र रोज शेगडी पेटवते आणि शेतालाही खत पुरवते.