आधी रस्त्याशी ओळख कर

अगं, रस्त्यावर मोबाईल वर केला की हात थरथरतात, सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं, असं तू परवा फोनवर म्हणालीस. ते माझ्या मनातून गेलंच नाही. त्यावर तुझा दुसरा प्रश्न, "ताई, यावर पोट भरतं का गं?" फोनवर घाईघाईत काहीतरी सांगण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून बसलेय. दोन्ही प्रश्नांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे उत्तरही एकत्रच देते.

लोक बघतात, हे खरंच आहे. पेठेत एखादी मुलगी कोपऱ्यावर नुसती उभी राहिली तरी चार माना वळतात. हातात कॅमेरा असेल तर विचारायलाच नको. पण ते बघणं किती वेळ टिकतं, याचा कधी अंदाज घे. तू तिथेच उभी राहिलीस की थोड्या वेळानं पाववाला पुन्हा लाद्या मोजायला लागतो, रिक्षावाले आपल्या गप्पांत शिरतात, आणि तू त्या कोपऱ्याचाच भाग होऊन जातेस. हात थरथरतात ते चालता चालता, चोरून, घाईनं फोटो घ्यायला गेल्यावर. आणि तसा घेतलेला फोटो चोरटा दिसतोही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की फिरू नकोस, थांब. एक जागा धर आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा.

तू पुण्यात कसबा पेठेत राहतेस, तुला लांब जायची गरजच नाही. तांबट आळीत जा. पेशवाईपासून तिथे तांब्याची भांडी घडवणारी घरं आहेत. मठारकामाचे ठोके गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतात. पहिल्या खेपेला फोटो काढूच नकोस. उंबऱ्याबाहेर उभी राहा आणि नुसतं ऐक. हातोडी वर जाते, क्षणभर थबकते आणि खाली येते. ती वर थबकते तेव्हा शटर दाबलंस, तर अंधाऱ्या खोलीत १/६० एवढ्या मंद शटरलाही हात बऱ्यापैकी स्पष्ट येतो. खाली येताना दाबलंस तर १/२५० लाही धूसर येईल. ही गोष्ट कॅमेऱ्याच्या पुस्तकातून कळत नाही, कान लावल्यावर कळते. तिथला उजेड दारातून, एकाच बाजूनं येतो. मोबाईलच्या स्क्रीनवर भांड्याच्या चकाकीला बोट लावून ठेव, एक्स्पोजर लॉक झालं की ते जरा खाली ओढ. मागचा सगळा पसारा काळोखात बुडतो. तांबं, हात आणि चेहऱ्याची एक कड एवढंच उरतं.

आणि विचार. "काका, काम बघत होते बराच वेळ. एक फोटो काढू का?" ते म्हणतील, "कशाला?" तेव्हा खरं काय ते सांग, "शिकतेय. पुढच्या वेळी येताना प्रिंट आणून देईन." मग तो प्रिंट खरंच आणून दे. पोस्टकार्ड साइजच्या प्रिंटला फार पैसे पडत नाहीत, पण त्यानं जे होतं ते बघून तुझं तुलाच आश्चर्य वाटेल. तो प्रिंट भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी खोचला जातो, शेजारचे कारागीर "आमचा कधी?" म्हणून विचारतात, आणि पुढच्या खेपेला तुला आत बसायला पाट मिळतो. कुणी "नको" म्हणालं तर हसून "बरं" म्हण. काढून झाल्यावर "डिलीट करा" म्हणालं तर त्यांच्या समोरच डिलीट कर आणि दाखव. वाद घालू नकोस. धीट होण्यासाठी जाड कातडी लागते असं तुला कुणीतरी सांगितलंय ना, ते मला मुळीच पटत नाही. अनोळखी माणसाशी सरळ बोलता येणं, हाच तो धीटपणा, आणि तो या विचारण्या-देण्यातून अंगी येतो.

तू मुलगी आहेस म्हणून चार गोष्टी जास्तीच्या. बॅग पुढे घे, एकच पट्टा गळ्यातून तिरका. पायात पळता येईल अशी चप्पल किंवा बूट. कुठे जातेयस ते कुणाला तरी कळवून जा. नदीकाठच्या निर्मनुष्य भागात एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घेऊन जा. कुणी मागे मागे यायला लागलं तर सरळ एखाद्या दुकानात शिर आणि बाईमाणूस दिसेल तिच्याशी बोलायला लाग. त्या दिवशीचा फोटो राहिला तर राहू दे.

आता सर्जनशीलतेचं बोलू, कारण "माझे फोटो सगळ्यांसारखेच येतात" ही तुझी तक्रारही आहे. येणारच. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा बघ, एका वारकरी आजीभोवती दहा कॅमेरे असतात आणि दहांचा फोटो तोच. सुरुवातीला पालखी, गणपतीची मिरवणूक, रंगपंचमी यांपासून जरा लांबच राहा. तिथे प्रसंगच इतका मोठा असतो की तुझ्या नजरेला काही करायला उरत नाही. त्याऐवजी महात्मा फुले मंडईत साध्या मंगळवारी जा. १८८६ मधली ती इमारत, उंच छपराखाली उजेड तिरका उतरतो आणि विक्रेते ओट्यावर उंच बसलेले, त्यामुळे तुझा कॅमेरा आपोआप खालून वर बघतो. तिथे आधी मागची बाजू निवड. उजेडाचा एक पट्टा, एक खांब, लिंबांचा ढीग. चौकट जमली की तिथेच थांब आणि माणूस त्यात यायची वाट बघ. माणसाच्या मागे धावणाऱ्याच्या फोटोत मागे नेहमी नको ते येतं, कुणाचा तरी अर्धा हात किंवा प्लास्टिकची पिशवी. बटण दाबण्याआधी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची सवय लाव.

दुसऱ्यांचे फोटो बघ, पण स्क्रोल करत नव्हे. ग्रंथालयात बसून पुस्तकं बघ. रघुवीर सिंह यांचं मुंबईवरचं पुस्तक १९९४ चं, सगळं रंगीत. केतकी शेठ यांचं 'बॉम्बे मिक्स' २००७ चं, कृष्णधवल. शहर तेच, पण एकाचं दुसऱ्यासारखं मुळीच दिसत नाही. ही दोन्ही मिळाली तर शेजारी शेजारी ठेवून बघ, त्या एका दुपारी तू जेवढं शिकशील तेवढं कुठल्या महागड्या वर्कशॉपमध्ये मिळेल असं मला वाटत नाही. रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनवरचा १९९५ चा फोटो शोध. गर्दी धुरासारखी वाहतेय आणि मध्येच काही माणसं वर्तमानपत्र वाचत ठाम उभी आहेत. शटर मंद ठेवलं, कॅमेरा स्थिर ठेवला, की हलणारे पुसले जातात आणि थांबलेले टिकतात. युक्ती इतकी साधी आहे. पण स्टेशनवर उभं राहून वाचणारी माणसं ओळखायला रोजची नजर लागते. (आता तिथे सगळे मोबाईल बघत उभे असतात, तू तुझ्या काळाचा फोटो काढ.)

आणि कृष्णधवलच्या आहारी जाऊ नकोस. रंगांचा गोंधळ आवरता आला नाही म्हणून रंग काढून टाकायचे, ही पळवाट आहे. दहा दिवस फक्त रंगातच काढून बघ.

एका बाबतीत मात्र मी तुला ताई म्हणून निक्षून सांगेन. फुटपाथवर झोपलेली माणसं, हात पसरणारी म्हातारी, उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बाया, यांच्यावर कॅमेरा रोखायचा नाही. असे फोटो सोपे असतात, त्यांना लाइकही भरपूर मिळतात. पण ज्याच्याकडे बंद करायला दारच नाही, त्याला "नको" म्हणायची सोय आपण ठेवलेली नसते. लहान मुलांचे फोटो आई-बापांना विचारूनच. कष्टाच्या आणि दारिद्र्याच्या जगाचे फोटो काढायचेच असतील तर सुधारक ओलवे यांचं काम बघ. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. गटारात उतरणारा माणूस त्यांच्या फोटोत घरीही दिसतो, बायको-मुलांमध्येही दिसतो. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. येता-जाता टिपलेला फोटो आणि हे, यातला फरक तुला पाहताक्षणी कळेल.

आता पोटापाण्याचं. स्पष्टच सांगते, रस्त्यावरच्या फोटोंवर घर चालत नाही. एखादा दिवाळी अंक मुखपृष्ठासाठी घेईल, एखादा प्रिंट विकला जाईल, पण त्या भरवशावर खोलीचं भाडं ठरवू नकोस. पैसे येतात ते रस्त्यानं तुझ्यात जे घडवलं त्याचे. तांबट आळीत हातोडी थबकण्याची वाट बघणारीला डोहाळजेवणात सासू सुनेच्या कानात काही पुटपुटते तो क्षण आधीच कळतो. मंडईतल्या मावशींना बोलतं करणारीला कॅमेऱ्यासमोर अवघडलेली नवरी मोकळी करता येते. बारसं, मुंज, नृत्याचे कार्यक्रम, नाटकाच्या तालमी, संस्थांचे वार्षिक अहवाल, बचत गटांचे मसाले-पापड, छोट्या उद्योजिकांच्या साड्या आणि दागिने, या सगळ्यांना फोटो लागतात, आणि ही कामं ओळखीतून मिळतात. म्हणून रस्ता हे तुझं दुकान नाही, ती तुझी तालीम आहे. कामं मिळायला लागली तरी ही तालीम सोडू नकोस. कमाईच्या फोटोंत गिऱ्हाइकाची आवड सांभाळावी लागते, तुझी स्वतःची नजर जिवंत राहते ती रस्त्यावर घालवलेल्या वेळात.

कॅमेऱ्यासाठी आत्ताच कर्ज काढू नकोस. ८ बाय १२ इंचाचा उत्तम प्रिंट काढायला इंचाला ३०० ठिपके धरले तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलसुद्धा नाही. तुझा मोबाईल बारा मेगापिक्सेलचा आहे. दोन-चार कामांचे पैसे साठले की जुना कॅमेरा घे. मुंबईला फोर्टात बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे जाऊ आपण. शटर किती वेळा चाललंय ते विचारायचं आणि लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते बघायचं. आपल्या पावसाळ्यात लेन्स खराब होते ती बुरशीनंच, म्हणून घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेव.

नावाबद्दल एक सांगते, ते मला फार महत्त्वाचं वाटतं. व्हिव्हियन मायर ही शिकागोत मुलं सांभाळायची. आयुष्यभर रस्त्यावर फोटो काढले, लाखाहून जास्त निगेटिव्ह जमल्या, पण जगाला दाखवलं जवळजवळ काहीच नाही. भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये तिच्या गोदामातल्या पेट्या लिलावात गेल्या तेव्हा त्या उघडल्या. २००९ मध्ये ती गेली आणि मग नाव झालं. लोकांना ही गोष्ट फार रम्य वाटते. मला वाईट वाटतं. होमाई व्यारावाला बघ. १९१३ चा जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून येत. पुढे १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं ओझं घेऊन हिंडल्या आणि देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. २०११ मध्ये पद्मविभूषण. तुझ्या फोटोखाली तुझं नाव आलं पाहिजे, हे मागायला लाजू नकोस.

कायद्यातलंही एवढं माहीत असू दे. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क तुझा. पण पैसे घेऊन कुणासाठी काढलेस, आणि वेगळं काही लिहून घेतलं नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणून काम ठरताना एक साधं पान लिही: किती फोटो, कधी देणार, तुझ्या संग्रहात तू दाखवू शकतेस की नाही, नाव कुठे येणार, अर्धे पैसे आधी. रस्त्यावरच्या कुणाचा चेहरा जाहिरातीसाठी द्यायचा असेल तर त्यांची लेखी परवानगी घे, आणि त्यांनाही त्यातले पैसे दे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, ती करून टाक. फोटो दोन ठिकाणी साठव, एकाच हार्ड डिस्कवर विसंबू नकोस.

तुझ्या मैत्रिणीच्या आईंनी मसाल्याच्या पाकिटांचे फोटो मागितलेत ना, ते काम घे. उत्तरेकडची खिडकी, समोर पांढरा थर्माकोलचा तुकडा, बस. पण "तुम्हाला काय द्यायचं ते द्या" असं म्हणू नकोस. घरी बसून हिशेब कर, काढायला किती तास, निवडायला आणि दुरुस्त करायला किती, जायला-यायला किती. मग त्यांच्यासमोर आकडा स्पष्ट सांग, आणि त्या बोलेपर्यंत तू गप्प राहा. त्या काय म्हणाल्या ते मला रात्री फोन करून सांग.