दुबार तपासणी : लहान विमानांच्या देखभालीचा एक धडा

खोपट येथील राज्य परिवहनाच्या आगारातून सुटलेल्या बसचे इंजिन वाटेत बंद पडले, तर चालक ती रस्त्याच्या कडेला उभी करतो आणि प्रवासी दुसऱ्या गाडीची वाट पाहतात. लहान विमानास ही सवलत नाही. म्हणूनच विमानाच्या देखभालीत प्रत्यक्ष दुरुस्तीपेक्षाही तिच्यानंतरच्या तपासणीस अधिक महत्त्व असते.

ठाणेकरांच्या नित्याच्या लोकलमार्गावरील घाटकोपर येथे २८ जून २०१८ रोजी दुपारी ‘किंग एअर सी-९०’ जातीचे दोन इंजिनांचे विमान भर वस्तीत, बांधकाम चाललेल्या जागी कोसळले. देखभालीच्या कामानंतर चाचणीसाठी ते जुहू विमानतळावरून निघाले होते. दोन वैमानिक, देखभालीचे दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. साहजिकच सर्वांचा संशय दुरुस्तीवर गेला. अधिकृत चौकशीत मात्र वैमानिकांचे परिस्थितीचे भान सुटून विमानाच्या पंखांची उचल नाहीशी झाली, हे संभाव्य कारण नोंदविण्यात आले. तेव्हा देखभालीचा दोष नेमका कसा घातक ठरतो, हे पाहण्यासाठी दुसऱ्या एका अपघाताकडे वळणे इष्ट होय.

अमेरिकेतील शार्लट विमानतळावरून ८ जानेवारी २००३ रोजी ‘बीच १९००-डी’ हे एकोणीस आसनी विमान उडाले आणि अर्ध्या-पाऊण मिनिटातच कोसळले. एकवीस जण दगावले. विमानाचे नाक वर-खाली करणारी शेपटीवरील आडवी झडप पोलादी दोरांनी ओढली जाते. दोनच रात्रींपूर्वी या दोरांचा ताण जुळविण्यात आला होता. काम करणारा तंत्रज्ञ ते प्रथमच शिकत होता. कामाच्या पुस्तिकेतील काही पायऱ्या गाळल्या गेल्या, आणि गाळण्यास संमती देणारा शिक्षक हाच त्या कामाचा तपासनीसही होता! परिणामी नाक खाली आणण्यासाठी झडप जितकी फिरावयास हवी, त्याच्या सुमारे निम्मीच फिरू लागली.

विशेष असे, की याच अवस्थेत विमानाने नऊ उड्डाणे सुखरूप पार पाडली. दहाव्या उड्डाणास विमान पूर्ण भरलेले होते व भार मागील बाजूस अधिक होता. नाक वर उचलले गेले, ते खाली आणण्याइतकी झडप फिरेना. प्रवाशांच्या वजनाचे जे सरासरी आकडे हिशेबात धरले जात, ते प्रत्यक्षाहून कमी असल्याचेही चौकशीत आढळले. पुढे ते वाढविण्यात आले. गाळलेल्या पायऱ्या पाळल्या असत्या, तर झडप अडत असल्याचे बहुधा जमिनीवरच कळले असते.

नियंत्रण यंत्रणेवरील कामाची दुबार तपासणी भारतातही आवश्यक आहे. एका अधिकृत तंत्रज्ञाने काम पाहिल्यावर दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे पाहावयाचे असते. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा. पहिल्याच्या शब्दावर विसंबून केलेली दुसरी सही ही तपासणी नव्हे. उड्डाणाची वेळ जवळ आली असता हे पाळणे सोपे नसते, हेही मान्य करावयास हवे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात प्रशिक्षण विमानांना एकाच आठवड्यात दोन अपघात झाले. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेची प्रशिक्षण उड्डाणे तात्पुरती थांबविली आणि तिच्या देखभाल व्यवस्थेची तपासणी हाती घेतली.